आधी संगत

माणसाने स्वतःला कसे घडवावे, या प्रश्नाला हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते. पहाटे उठा, ध्येय वहीत लिहा, मनाला शिस्त लावा, निर्धार पक्का करा. पुस्तकांच्या दुकानात या उपदेशाला वेगळे कपाट असते आणि त्यातली बरीच पुस्तके अनुवादित असतात. या सगळ्याचा रोख एकट्या माणसावर असतो. घडवणारा तोच, घडणाराही तोच, आणि जमले नाही तर अपराधीही तोच. बारामतीत अठराव्या शतकात राहिलेल्या एका कवीने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला होता आणि त्याचे उत्तर मला अधिक खरे वाटते. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजे मोरोपंत, १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले. पुढे बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी आले, पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ साली तिथेच वारले. त्यांच्या ‘केकावली’तले एक कडवे महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत प्रार्थना म्हणून म्हटले गेले आहे. त्या प्रार्थनेत कवीने पहिली मागणी केली आहे ती चांगल्या संगतीची. मनाचा मळ जाणे आणि विषयांचा वीट येणे या गोष्टी त्यानंतर येतात.

हा क्रम सहज आलेला नसावा. मोरोपंतांइतका स्वतःच्या निर्धारावर विसंबू शकणारा माणूस विरळा. हजारो आर्या रचायच्या, महाभारत आर्यांत उतरवायचे, रामायण शंभराहून अधिक वेळा निरनिराळ्या बंधांत सांगायचे, हे काम शिस्तीवाचून होत नाही. अशा माणसाने देवाकडे आणखी निर्धार मागितला नाही, माणसे मागितली. त्यांचा व्यवसाय लक्षात घेतला की याचे नवल वाटत नाही. पुराणिकाला रोज श्रोते लागतात. आपण सांगतो ते ऐकणारा, चुकलेला संदर्भ ओळखणारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसणारा समुदाय नसेल तर पुराण सुरूच होत नाही. मोरोपंतांची आर्या पुढे टिकली तीही कीर्तनकारांच्या तोंडून आणि समोर बसलेल्यांच्या कानांतून. ‘सन्मणिमाला’ या रचनेत त्यांनी संतांची नावे एकेक करून ओवली, म्हणजे हयात नसलेल्यांचीही संगत जोडून ठेवली. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण ज्याला स्वभाव, सवय किंवा चारित्र्य म्हणतो त्याचा मोठा भाग आपल्या भोवतीच्या माणसांत साठवलेला असतो. म्हणून स्वतःत बदल हवा असेल तर मनाशी शपथा घेण्याआधी आपण कोणाबरोबर बसतो-उठतो ते बदलावे लागते.

याचा मोठा पुरावा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून दरवर्षी चालत जातो. तुकाराम महाराजांची पालखी त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. देहूहून निघालेला हा सोहळा उंडवडी, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत सराटीला पोहोचतो, तिथे पादुकांना नीरास्नान होते आणि मग पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. वारीकडे भक्तीचा पूर म्हणून पाहिले जाते. मला तिच्यातली व्यवस्था अधिक बोलकी वाटते. सुटा माणूस वारीत फारसा नसतो, तो दिंडीत असतो. दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची की रथामागची हे ठरलेले असते, विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेली बाई यांच्या जागा ठरलेल्या असतात. दिंडीत जायचे तर भिशी भरावी लागते आणि संध्याकाळी हरिपाठाला कोण नाही हे लगेच कळते. साठी उलटलेला, एरवी बांधावर जायला कंटाळणारा माणूस दिवसाला वीसेक किलोमीटर चालतो, उघड्यावर झोपतो, जे पानात पडेल ते खातो. पंधरवड्यापूर्वी त्याच्यात हा निग्रह नव्हता. तो दिंडीत होता आणि दिंडीने तो त्याला उसना दिला. वाटेवरची गावेही यात ओढली जातात. काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, तिथेच मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्वाचे. ज्याच्या हातात जे काम, त्यानेच सोहळ्यात जागा मिळवलेली.

माळेचेही तसेच. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटते, एकादशी आणि वारी लागते. एकट्याने मनाशी केलेला हाच संकल्प किती दिवस टिकतो ते आपण पाहतोच. माळ सर्वांना दिसते. ढाब्यावरचा मित्र ती पाहून आग्रह आवरतो, घरातली सून वेगळे शिजवते, भजनात शेजारी बसणारा विचारपूस करतो. शपथ एकाची असते आणि तिची राखण दहा जण करतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभवही याच दिशेने जातो. तिथे औषधोपचार असतात, समुपदेशन असते, पण सगळ्याच्या मुळाशी समूह आहे. दारू सोडलेल्याने दारू सोडू पाहणाऱ्यांबरोबर बसणे आणि घरी परतल्यावरही पाठपुराव्याच्या बैठकीला येत राहणे, यावर तिथे भर असतो. इच्छाशक्ती जिथे सर्वांत दुबळी असते तिथे, म्हणजे व्यसनात, उपचार करणारे लोक इच्छाशक्तीवर विसंबत नाहीत. निरोगी माणसाने तिच्यावर एवढी भिस्त का ठेवावी?

एक शास्त्रीय आक्षेप इथे घेता येतो आणि तो वजनदार आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या आरोग्यनोंदींवर आधारलेला निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्यावर टीका झाली ती अशी, की सारख्या सवयींची माणसे मुळातच एकमेकांना शोधतात, मग संगतीने माणूस बदलला असे कशावरून म्हणायचे? भजनी माणूस भजनात जातो, भजन त्याला भजनी करत नाही. ही टीका संख्याशास्त्रात निकाली निघणे कठीण आहे. पण जगण्याच्या प्रश्नापुरती ती माझ्या बाजूनेच झुकते. शोधून संगत मिळत असेल तर शोधणे हीच आपल्या हातातली कृती ठरते. आणि दिंडीत केवळ सारखी माणसे असतात हेही खरे नाही. आईचा नवस फेडायला, शेजाऱ्याच्या आग्रहाने, पहिल्या वर्षी नुसते पाहायला आलेले कित्येक असतात आणि ते पुढच्या वर्षी परत येतात.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. संगत जशी उचलून धरते तशी बुडवतेही, आणि याच भूमीने त्याची किंमत मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि जिरायती माळाचा एक पट्टा बागायती झाला. सगळ्यांनी ऊस लावला, सगळ्यांनी सरीत मावेल तितके पाणी सोडले, आणि काही दशकांतच जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास मांडला होता. तरीही क्षारपड जमिनीचा प्रश्न संपला नाही. पाण्याची पाळी आली आणि शेजाऱ्याचे वावर तुडुंब असले की आपले अर्धे ठेवायला माणूस धजत नाही. लग्नातला खर्च, पाचट पेटवणे, उसने घेऊन केलेली वास्तुशांत, सगळीकडे हेच चालते. ज्या वारीचे मी गुणगान केले तिलाही हा डाग आहे. इरावती कर्वे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालल्या. एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसत, याची खंत त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात मांडली आहे. आणि ज्या देवळाकडे सगळे चालत होते त्याचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.

तेव्हा कोणतीही संगत चांगली, असे मला म्हणता येत नाही. तिच्या दोन कसोट्या मला पटतात. एक, त्या मंडळात बसून ‘हे आपले चुकते आहे’ असे म्हणता येते का? दोन, बाहेरच्या माणसाला आत यायला वाट आहे का? तुकोबांची संगत या दोन्ही कसोट्यांना उतरते. तुकोबा एकटे भंडारा डोंगरावर जात आणि तिथे त्यांना जे सापडले ते एकांतातच सापडले, असे म्हणून कोणी माझा मुद्दा खोडू शकेल. एकांताचे मोल मी नाकारत नाही. पण डोंगरावरून ते खाली कीर्तनात येत. अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तेली समाजातले, आधी विरोधात उभे राहिलेले रामेश्वर भट्ट परंपरेनुसार पुढे त्यांचेच शिष्य झाले, आणि बहिणाबाईंनी त्यांना गुरू मानले. विरोधकालाही ज्यात जागा होती अशी ती मंडळी होती. महात्मा फुल्यांनाही आपण एकटा बंडखोर म्हणून आठवतो. सावित्रीबाई, फातिमा शेख, सदाशिवराव गोवंडे यांच्यावाचून त्यांची मुलींची शाळा चालली नसती.

उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न. संगत निवडायची मोकळीक असते कोणाला? लग्न होऊन नव्या गावात आलेल्या मुलीची माहेरची सगळी सोबत एका दिवसात तुटते, आणि नवी सोबत कोणती असावी हे इतर ठरवतात. कारखान्यासाठी बाहेरून आलेल्या ऊसतोड कुटुंबाच्या मुलाला हंगामभर ज्या कोपीत ठेवले जाते तिथली संगत त्याने मागितलेली नसते. यांना ‘चांगल्या लोकांत राहा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. इथे संगत हा वैयक्तिक शहाणपणाचा विषय राहत नाही, ती गावाने उभी करून द्यायची सोय होते. महिलांच्या बचत गटाने नेमके हे केले. महिन्याला भरायची रक्कम लहान, पण बैठकीला जायचे हे घराला मान्य करावे लागले, आणि कित्येक बायकांना आपल्या नावाने सही करायचे पहिले ठिकाण तिथे मिळाले. याच भागात अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ साली उभ्या राहिलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने आणि त्याच्या कृषी विज्ञान केंद्राने प्रात्यक्षिकांवर भर दिला, त्यातही हीच समज आहे. शेतकरी पत्रक वाचून ठिबक बसवत नाही. आपल्यासारख्याच माणसाच्या वावरात जाऊन, त्याला चार प्रश्न विचारून बसवतो. पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्याचे पाहून झालेली चूक शेजाऱ्याचे पाहूनच सुधारते.

आज बारामती-इंदापूरच्या अनेक तरुणांची संगत हातातल्या फोनमध्ये आहे. तिथे शेकडो माणसे भेटतात, पण आठ दिवस दिसला नाहीस म्हणून घरी येऊन विचारणारा त्यांत क्वचितच कोणी असतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले म्हणूनच पैसे भरून अभ्यासिकेत जाऊन बसतात. घरी खोली असूनही त्यांना शेजारच्या खुर्चीवर वाचणारा कोणीतरी हवा असतो. ही गरज त्यांनी अचूक ओळखली आहे. गावोगावी ग्रामपंचायतीची वाचनालये, तालमी, समाजमंदिरे, सोसायट्यांचे हॉल बांधून तयार आहेत आणि त्यांतले कितीतरी संध्याकाळी कुलूपबंद असतात. ज्यांच्याकडे त्यांच्या किल्ल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे: रोज ठरलेल्या वेळी दार उघडा, दिवा लावा, वही ठेवा, आणि जो येत नाही त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जा. उसाच्या कोपीतल्या मुलालाही तिथे बसू द्या.