गुणांची खिरापत



चांगल्या खेळाडूला वर्गात सांभाळून घेणे ही दया की अन्याय?

अमेरिकेतील केविन रॉस हा बास्केटबॉलपटू १९७८ साली क्रेटन या जेझुइट विद्यापीठात दाखल झाला. १९८२ मध्ये तो पदवीविना बाहेर पडला तेव्हा त्याचे वाचन सातवीच्या मुलाइतके, तर एकूण भाषा चौथीइतकी होती. मग शिकागोच्या एका शाळेत तो लहान मुलांबरोबर शिकायला बसला. (ती उंची आणि ते बाक डोळ्यांपुढे आणा!) त्याला वरच्या वर्गात ढकलणाऱ्या प्रत्येकाला आपण त्याचे भलेच करतो आहोत, असे वाटले असेल.

तेथे १९८६ पासून नियम कडक झाले. आज महाविद्यालयीन खेळांच्या पहिल्या श्रेणीत उतरण्यासाठी हायस्कूलमध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान आदी १६ मुख्य अभ्यासक्रम लागतात. त्यातील १० शेवटच्या वर्षाआधीच पूर्ण हवेत, म्हणजे ऐनवेळची धावपळ कामाची नाही.

मला ही अट पटते. तरी एक काटा सलतो. १९८९ साली जॉर्जटाऊन या दुसऱ्या जेझुइट विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन अशाच एका नव्या नियमाच्या निषेधार्थ सामन्याआधी मैदान सोडून गेले. त्यामुळे गरीब कृष्णवर्णीय मुलांची शिष्यवृत्ती बुडेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. मुलाला आपण शिक्षण देणे लागतो. ते नववीपासून त्याच्यापर्यंत पोचलेच नसेल, तर बारावीनंतर अपात्र ठरवायचे कोणाला?