मतदार यादीतल्या बाई

कोल्हापूरला 1992 साली मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इंदिरा संत पडल्या आणि विनोदी लेखक रमेश मंत्री निवडून आले. यात मंत्रींना बोल लावण्यात अर्थ नाही; ते रीतसर उभे राहिले, रीतसर मतं मिळवून आले. खरा प्रश्न वेगळाच आहे. इंदिराबाईंची कविता ज्या पिढ्यांनी उशाशी ठेवली, त्यांतल्या किती जणांना मत होतं?

या गावाला त्या परक्या नव्हत्या. जन्म 1914 चा, माहेर निपाणीजवळच्या तवंदीचं, कॉलेज आधी इथलं राजाराम आणि मग पुण्याचं फर्ग्युसन. 1946 मध्ये पती ना. मा. संत गेले आणि मुलांची जबाबदारी एकटीवर आली. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या शिकवत राहिल्या, पुढे तिथेच प्राचार्य झाल्या. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ हे संग्रह त्यानंतर एकामागून एक आले. ‘गर्भरेशीम’ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिल्लीने मान दिला आणि ज्या गावात शिकल्या, तिथल्या संमेलनासाठी मतं कमी पडली.

त्या काळी संमेलनाध्यक्ष वाचक निवडत नसत. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या घटक संस्था आणि निमंत्रक यांच्याकडून मतदारांची यादी जाई आणि तीच यादी अध्यक्ष ठरवी. अशा याद्या कशा बनतात हे आपल्याकडच्या कुठल्याही साहित्य सभेत चार वर्षं ऊठबस केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बैठक संध्याकाळी सहानंतर. बैठकीनंतर चहा, चहानंतर कोपऱ्यावर उभं राहून अर्धा तास, आणि पुढच्या कार्यकारिणीत कोण हे खरं तर त्या अर्ध्या तासात ठरतं. शाळेतून सुटलेली बाई त्या वेळी भाजी घेऊन घरी पोचलेली असते, नाहीतर पेपर तपासत असते. तिला कुणी येऊ नका म्हणत नाही. घटनेत तसं कलमही नसतं. म्हणून तर भांडायचं कुणाशी हेच कळत नाही.

कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका मात्र नीट वाचावी. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती ही वरची नावं बहुतेक पुरुषांची. खाली बारीक टाइपात ईशस्तवन आणि स्वागतगीत अमुक विद्यालयाच्या मुली, सूत्रसंचालन सौ. तमुक, आभार सौ. तमुक. या दोन्ही ‘सौ.’ बहुधा शिक्षिका असतात. अक्षर चांगलं, उच्चार स्वच्छ, कवितांच्या ओळी तोंडपाठ. जिला सभा चालवता येते, तिच्याकडून आभार मानून घेतले जातात. माझ्या मते साहित्यसंस्थांमधल्या स्त्रीच्या स्थानाचा इतका खरा दस्तऐवज दुसरा नाही.

हे नवल अशासाठी, की मराठीत लिहिणाऱ्या बाईचा रस्ता पहिल्यापासून शाळेतूनच गेला. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ 1854 साली छापून झाला होता; न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकार पहिल्या संमेलनासाठी पुण्यात जमले ते 1878 मध्ये. म्हणजे शिक्षिकेचा कवितासंग्रह संमेलनाहून चोवीस वर्षांनी वडील. कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांच्या काळात मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे होती. शाळा तपासायचा अधिकार बाईला मिळाला, साहित्य तपासायचा मिळायला फार वेळ गेला. संमेलनाची पहिली महिला अध्यक्ष झाली ती 1961 मध्ये, ग्वाल्हेरला: कुसुमावती देशपांडे, इंग्रजीच्या प्राध्यापिका. 1878 पासून मोजलं तर त्र्याऐंशी वर्षं. फ्रेंच अकादमीने पहिली स्त्री सदस्य घ्यायला 1635 पासून साडेतीनशे वर्षांत जेमतेम पाच कमी इतका वेळ घेतला. 1980 साली निवडून आलेल्या मार्गेरित युर्सनार यांनीही अमेरिकेत कॉलेजात शिकवण्याची नोकरी केली होती.

कुसुमावतींनंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि 2025 ला दिल्लीत तारा भवाळकर. सहा जणी. यांतल्या विजयाबाई मूळच्या कोल्हापूरच्या आणि ताराबाई शेजारच्या सांगलीच्या महिला महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या. जात्यावरच्या ओव्या आणि लोकनाट्यं यांच्यावर आयुष्य घालवून त्यांनी दाखवून दिलं, की अक्षर न आलेल्या बायकाही विचार करत होत्या आणि तो रचून ठेवत होत्या. ज्या ज्ञानाला साहित्य सभांनी कधी सभासद करून घेतलं नाही, ते त्यांच्या हातून व्यासपीठावर आलं.

2018 मध्ये महामंडळाने निवडणूक बंद करून सन्मानाने निवड सुरू केली आणि पहिलंच नाव अरुणाताईंचं निघालं. यावरून कुणी म्हणेल, मतपेटीच बायकांच्या आड येत होती. मला हे पटत नाही. सन्मान देणाऱ्यांची मर्जी असते तोवर मिळतो. मतपेटी वाईट नव्हती, यादी अपुरी होती. वर्षातून तीन दिवस एका बाईंना खुर्चीवर बसवणं सोपं आहे; ग्रंथनिवड समितीत, पुरस्काराच्या परीक्षकांत, कोशाध्यक्षाच्या जागेवर त्या वर्षभर असणं अवघड, कारण तिथे पैसा आणि शब्द दोन्ही हलतात.

या जिल्ह्याचा हिशेब तेवढा मांडतो. कोल्हापूर, 1932: सयाजीराव गायकवाड. इचलकरंजी, 1974: पु. ल. देशपांडे. कोल्हापूर, 1992: रमेश मंत्री. मोठी माणसं, वाद नाही.

तेव्हा शिक्षिकांना एवढंच सांगणं: आपल्या गावच्या साहित्य सभेचं आजीव सभासदत्व घ्या, पावती जपून ठेवा, वार्षिक सभेची नोटीस मागून घ्या आणि पुढच्या निवडणुकीत कार्यवाहपदाचा अर्ज भरा. आभार मानायला या वेळी सरांना सांगा.