राजी कोण?



एका शब्दाबद्दल लिहितोय. राजीनामा.

दोन वर्षांपूर्वी मी यवतमाळकडच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर होतो. ओव्हरटाइमचे पैसे मागितले म्हणून ऑफिसात बोलावणं आलं. कागद टाइप करून तयारच होता : 'मी वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने...' साहेब म्हणाला, "सही कर, हिशोब आजच्या आज घेऊन जाय. नाही त मंग फिरत राह्य." घरी मायचं औषध, दुकानाची उधारी. मी सही केली.

त्या रात्री हा शब्द चावत बसलो. राजी म्हणजे कबूल, खूश. नामा म्हणजे लेख. करारनाम्यात आहे तोच. फारशीतून आलेला हा शब्द मुळात संमतीचा कागद. हिंदीत कोर्टातला राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड, नोकरी सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात. मराठीत मात्र तो सोडण्याचा कागद झाला. मुंबई इलाख्यात शेत सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा कबुलायत. सोडणारा राजी आहे, हे दप्तरानं धरूनच चालायचं. पोटात भूक ठेवून केलेली सही राजीखुशीची असते काय?

आणि मालकाला माझी खुशी कशाला पाहिजे? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगारकपातीला एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार लावून दिला होता. स्वखुशीनं सोडणाऱ्याला ही भरपाई नव्हती. म्हणजे माझ्या खुशीला भाव होता. पैसा मालकाचा वाचला.

आता दुसरा राजीनामा बघा. सप्टेंबर 1951. हिंदू कोड बिल चार कलमं मंजूर झाल्यावर गुंडाळलं गेलं. 27 तारखेला बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रकृती ढासळलेली होती. आजारपणामुळे सोडतो म्हणाले असते तर सगळ्यांचीच सोय झाली असती. पण आपल्या निवेदनात त्यांनी ती पळवाट स्वतःच बुजवली. आजारापायी कर्तव्य टाकणारे आपण नव्हे, हे बजावलं. दलितांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड, एकेक कारण मांडलं. 10 ऑक्टोबरला संसदेत निवेदनाची प्रत आधी द्या म्हणून अडवलं, तर ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. त्यांनी खुर्ची सोडली, कारण सोडलं नाही.

तुम्ही म्हणाल, ते बाबासाहेब. आपण पोटार्थी माणसं.

मग माझ्या आज्याचं ऐका. 1956 ची दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. पाटील दारात आला. "कोनाले इचारून सोडलं बे?" आजा म्हणाला, "लावलं तवा आमाले इचारलं होतं काय?"

जिथं कधी राजी नव्हतोच, तिथला राजीनामा कसला? ते नुसतं सोडणं. कागद नाही, अर्ज नाही. आजाही उपाशीच होता. पण सगळ्या वस्तीनं एकदम सोडलं होतं. मी ऑफिसात एकटा गेलो. माझी चूक सहीत आहेच, पण त्याआधी त्या एकटं जाण्यात आहे.

आपल्या चळवळीतही बघा. खिशात राजीनामा घेऊन फिरणारे पुष्कळ. पद दिलं नाही की काढतात, मिळालं की परत खिशात. त्यांचंही खरं कारण कागदावर कधी येत नाही.

म्हणून सांगतो. असा कागद पुढं आला तर तिथल्या तिथं सही करू नका. चार माणसं घेऊन जा. सोडायचीच वेळ आली तर कारणाची ओळ आपल्या हातानं लिहा, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

माझी ओळ त्या वेळी राहिली. ती इथं लिहितो : वैयक्तिक कारण नव्हतं. मी ओव्हरटाइमचे पैसे मागितले होते. मी राजी नव्हतो.