धूर की धुके?

डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले अनुमानाचे नेहमीचे उदाहरण. जुन्या तार्किकांनी त्यातली गोम ओळखली होती: दिसले ते धुकेच असले तर? नाणेघाटाखालच्या वैशाखरे गावात ही शंका पुस्तकी वाटणार नाही. तिथल्या एखाद्या गर्भवतीच्या रुबेला या विषाणूजन्य आजाराच्या तपासणीत ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ आले, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण मानली जाणारी प्रतिपिंडे सापडली, तर घरच्यांपुढे नेमका हाच पेच उभा राहतो.

भीती खोटी नाही. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये गरोदरपणातला रुबेला आणि बाळांचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध दाखवला. बहिरेपणा, हृदयाचे दोषही होतात. पहिल्या बारा आठवड्यांत धोका सर्वांत मोठा.

पण आयजीएम हा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, दोन तऱ्हांनी फसवतो. पार्व्होव्हायरससारखा दुसराच संसर्ग किंवा रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर चाचणीला चकवतो. हे धुके, न्यायशास्त्राच्या भाषेत ‘असिद्ध’ हेतू: खूणच मुळात नाही. कधी आयजीएम खरेच असते, पण महिनोन्‌महिने रेंगाळलेले, संसर्ग गर्भधारणेच्या आधीचा. हा ‘सव्यभिचार’ हेतू: खूण आहे, पण ती जे सुचवते ते नाही. नुसते आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, तर एवढेच सांगते की कधीतरी संसर्ग झाला किंवा लस मिळाली. अशा वेळी आयजीजीची ‘अॅव्हिडिटी’, म्हणजे विषाणूला धरून ठेवण्याची पकड, उपयोगी पडते. ताज्या संसर्गात ती सैल असते, काही महिन्यांनी घट्ट होते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत आयजीजी चौपट वाढले, तरी संसर्ग ताजा.

महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना गोवर-रुबेला लस देण्याची मोहीम झाली. त्यातल्या मोठ्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. रोग जितका विरळ होतो, तितका पॉझिटिव्ह रिपोर्टांतल्या खोट्यांचा वाटा वाढतो. पुरळ नाही, रुग्णाशी संपर्क नाही, तरी सरसकट ‘टॉर्च’ तपासणी (रुबेलासह गर्भाला घातक संसर्गांची एकत्रित चाचणी) करायची आणि एका आकड्यावर गर्भाचा निकाल लावायचा, हे शास्त्रालाही धरून नाही, धर्मालाही नाही.

न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, ‘संशय’ हा एक पदार्थ आहे. विचार तिथूनच सुरू होतो. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय शेवटी त्या बाईचाच, आणि त्यासाठी कायद्याने आठवड्यांची मर्यादा घातलेली आहे. म्हणून वेळ न दवडता डॉक्टरांना विचारावे: अॅव्हिडिटी पाहिली का? दुसरा नमुना कधी घ्यायचा?