हिरव्या पट्ट्यातलं आकाश

लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना आपण बरंच काही विचारतो. अल्बम किती पानांचा, व्हिडिओ कधी हातात येणार, पॅकेजमध्ये ड्रोन आहे का. ‘आहे’ म्हटलं की विषय संपला. तो उडवणार कोण, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, विमा उतरवलाय का, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

नियम मात्र आहेत, आणि ते फार किचकटही नाहीत. 25 ऑगस्ट 2021 रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम अधिसूचित केले. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरच्या नकाशात देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेलं दिसतं. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या टापूत ती मर्यादा 200 फुटांवर येते, आणि त्याहून जवळ हिरवं असं काही उरत नाही. पिवळ्यासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लालसाठी थेट केंद्र सरकारची. विमानतळ शहराच्या पोटात असलेल्या मुंबईत आणि लोहगावचा हवाई तळ असलेल्या पुण्यात हा नकाशा न उघडता ड्रोन उडवणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं आहे. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ते आणखी वेगळे.

पण मला खरी अडचण दिसते ती वजनाच्या हिशेबात. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. त्याला नोंदणी लागते, पण चालकाचं प्रमाणपत्र नको आणि तृतीय पक्ष विमाही नको. त्यापुढे 2 किलोपर्यंत ‘मायक्रो’. हौसेसाठी मायक्रो उडवला तर प्रमाणपत्र लागत नाही, पैसे घेऊन उडवला तर लागतं. वजन मोजायचं ते ड्रोनवर चढवलेल्या सामानासकट. बाजारात 249 ग्रॅमचे ड्रोन मिळतात. आता त्यातला एखादा घ्या आणि पात्यांभोवती प्लास्टिकची संरक्षक जाळी बसवा. लहान मुलाचं बोट किंवा डोळा वाचावा म्हणून बसवलेली ती जाळी वजन 250च्या पार नेते. जाळी काढली की ड्रोन पुन्हा सवलतीत! नवरानवरीवर पाकळ्या उधळायला खाली टोपली टांगली, तरी तोच हिशेब.

कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मांडवात धावणाऱ्या पोराला हौशी मामेभावाचं पातं लागलं काय आणि धंदेवाईकाचं लागलं काय, जखम तेवढीच होते. सवलत मिळाली ती कागदपत्रांतून. खालच्या माणसाची काळजी घेण्यातून कुणालाच सवलत मिळालेली नाही.

आणि खालचा माणूस म्हणजे फक्त वऱ्हाडी नव्हे. कार्यालयाला लागून असलेल्या इमारतीच्या गच्चीवर एखादी बाई पापड वाळत घालत असते, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणी आजारी माणूस पडून असतो. कॅमेरा वर चढतो तेव्हा ते दोघंही त्यात येतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2021च्या ड्रोन नियमांत मात्र त्यासाठी वेगळी तरतूद नाही. नकाशा हिरवा आहे याचा अर्थ सरकारची हरकत नाही, एवढाच. त्या बाईची हरकत आहे की नाही, हे नकाशा सांगत नाही. ते आपणच जाऊन विचारायला हवं.

ड्रोन चालवणारा बहुतेकदा विशी-पंचविशीतला मुलगा असतो. हप्त्यावर घेतलेलं यंत्र, वीस-पंचवीस मिनिटांची बॅटरी आणि कानाशी नवरदेवाचा काका: ‘अरे, अजून खाली घे, अक्षता पडताना दिसू दे की!’ खाली माणसं दाटीवाटीने उभी आहेत हे त्या मुलाला आपल्यापेक्षा नीट दिसत असतं. पण उरलेले पैसे काकाच्या हातात असतात. उद्या काही झालं तर पोलीस त्या मुलाला शोधतील, दंड त्याला होईल. नियमांत तो 1 लाख रुपयांपर्यंत असू शकतो. हट्ट करणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही. हे मला न्याय्य वाटत नाही. जो माणूस पैसे मोजून एखादी गोष्ट करवून घेतो, तो त्या गोष्टीतल्या धोक्याचाही मालक असतो.

म्हणून बुकिंगच्या वेळीच प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद बघायला मागावा. चांगला व्यावसायिक त्याने दुखावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. आजूबाजूच्या सोसायट्यांना आदल्या दिवशी वेळ कळवावी, म्हणजे ज्यांना नको असेल ते सांगतील आणि तिकडचा भाग टाळता येईल. आणि वारा सुटला किंवा गर्दी वाढली म्हणून त्या मुलाने ‘आता उडवत नाही’ म्हटलं, तर त्याचे ठरलेले पैसे पुरते द्यावेत.