आजीच्या कमरेवरची कळशी

खिडकी उघडी ठेवा. निम्न तेरणा धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा आत येऊ द्या.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर संगणकाचा पडदा आहे. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं आमच्या माकणीच्या घरातलं लग्न. भूकंपाच्या आधीचं.

दगडी भिंती, वर माळवद. ढेलजेतून आजी येते. कमरेवर कळशी. इथे चित्र थांबवा.

नुसतं पाहत राहा.

कळशीच्या कडेला फणीसारखे दात आहेत. पदरालाही आहेत. भिंतीला नाहीत. जे हलतंय, त्यालाच दात आहेत.

हे दोन क्षण एकमेकांत विणलेले आहेत. आपल्याकडच्या पाल (PAL) व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन फील्डचं. दिसणाऱ्या ५७६ ओळींपैकी एकाआड एक अशा २८८ ओळी एका क्षणाच्या. मधल्या २८८ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतरच्या.

नंतरच्या कोणत्या? पहिल्या ओळीपासून सुरू होणाऱ्या वरच्या फील्डच्या, की दुसरीपासून सुरू होणाऱ्या खालच्या?

घाई नको. दातांकडे कितीही पाहिलं तरी ते एवढं सांगत नाहीत.

फाइलवर लिहिलेलं आहे, वरचं आधी. पुष्कळ कॅप्चर कार्डांचं तसं असतं. डीव्ही (DV) स्वरूपातून आलेलं असेल तर सहसा खालचं आधी. वरून एकच ओळ कापली गेली तरी क्रम उलटतो.

लिहिलेलं बाजूला ठेवा. आजीलाच विचारा.

फील्ड सुटी करा. वरचं आधी, असं धरून. चित्र निम्म्या उंचीचं होतं, आजी बुटकी दिसते. असू द्या.

आता एकेक फील्ड पुढे सरका. एक श्वास, एक कळ.

चित्र किंचित वरखाली होतं. भिंतही होते.

इथे मी दर वेळी थांबतो. ही भिंत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडली. पण आत्ता जे हलतंय ते फक्त एका ओळीचं अंतर आहे. भिंत उभी आहे. हात कळीवरून काढा. एक श्वास तिच्याजवळ बसा.

मग पुन्हा कळशीकडे या. वरखाली सोडा. आडवं पाहा.

कळ. कळशी बोटभर मागे.

कळ. तीन बोटं पुढे.

कळ. पुन्हा बोटभर मागे.

आजी अशी कधी चालली नाही.

लगेच बदलावंसं वाटेल. थोडं थांबा. हे अडखळणं डोळ्यांना नीट ओळखू द्या. पुढे कधी दिसलं तर ते चटकन ओळखतील.

श्वास सोडा.

आता खालचं आधी. पुन्हा ढेलजेपासून.

कळ. कळशी पुढे.

कळ. पुढे.

कळ. पुढे. तेवढीच, बोटभर.

पाहत राहा. पदर तिच्याबरोबर येतो. काकणं येतात. मागे काही सरकत नाही.

आणखी एक श्वास.

ती उंबऱ्याशी येते. पाऊल उचलते. कळ. पाऊल वर. कळ. अजून वर. कळशीच्या तोंडाशी पाणी हिंदकळतं.

कळ.

पाऊल आत पडतं.