गोड्या पाण्याचा हिशेब



मागील उन्हाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक वयोवृद्ध चाचा माझ्यापाशी येऊन बसले. रायगड जिल्ह्यातील हे किनाऱ्यावरचे गाव. इथल्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष आयुष्याचा मोठा भाग आखातात घालवतात. चाचांनीही मस्कत, दोहा आणि कुवेत मिळून 28 वर्षे एअर कंडिशनर बसविण्याचे काम केले. आता मुले मिळवती झाली आहेत. त्यांनी गावापासून 25 किलोमीटरवरच्या एका आलिशान समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये आईवडिलांसाठी दोन रात्री ठरविल्या होत्या. एका रात्रीचे भाडे 16,000 रुपये. चाचांनी हळू आवाजात विचारले, "इमामसाहेब, हा गुनाह तर होणार नाही ना?"

माझ्यापाशी उत्तर तयार होते. ही उधळपट्टी आहे, एवढ्या पैशांत एखाद्या अनाथ मुलीच्या शाळेचा वर्षाचा खर्च निघेल, असे मी सांगून टाकले. चाचांनी मान हलविली. उठता उठता म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. असल्या हॉटेलांत मी शेकडो खोल्यांमध्ये एसी बसवले. मागच्या जिन्यानं वर जायचो, मागच्या जिन्यानं खाली यायचो. पलंगावर टेकायची परवानगी नव्हती. म्हणून विचारलं."

वाचकहो, त्या दिवशी मी प्रश्न ऐकला, परंतु विचारणारा माणूस ऐकला नाही. शिवाय उत्तरही अर्धेच दिले होते. सूरह अल-आराफमध्ये खा-प्या, पण मर्यादा ओलांडू नका, अशी ताकीद आहे. ती आपण मिंबरवरून वारंवार सांगतो. तिच्या लगेच पुढच्या आयतीत मात्र अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि उत्तम वस्तू हराम ठरविणारा कोण, असा जाब विचारला आहे. ही दुसरी आयत आपण घाईत ओलांडून जातो. फाटक्या वेशात आलेल्या एका सहाबींना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांच्या संपत्तीविषयी विचारले आणि अल्लाहने दिले आहे तर त्या कृपेची खूण अंगावर दिसू दे, असे सुचविले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

मग उधळपट्टीची रेघ कोठे ओढावी? सरकारला ते सोपे आहे. दिवसाला 7,500 रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे तिथून चैन सुरू झाली असे हिशेबनीस म्हणू शकतो. शरियतने मात्र असा आकडा दिलेला नाही. सूरह अल-फुरकानमध्ये उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्यामधला मार्ग सांगितला आहे, आणि तो मार्ग माणसामाणसागणिक वेगळ्या ठिकाणाहून जातो. कर्ज काढून, शेजाऱ्याला दाखविण्यासाठी घेतलेली 2,000 रुपयांची खोलीही इस्राफ ठरेल. जकात चोख देणाऱ्या, कोणाचे देणे न ठेवणाऱ्या मुलाने थकलेल्या बापाला दोन रात्री सुखात ठेवले, तर त्यावर बोट ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

(तेथील मद्यालय, तरणतलावावरचा पोशाख आणि ताटातले गोश्त यांविषयीचे हुकूम तुम्हाला ठाऊक आहेत. त्यावर इथे शाई खर्च करीत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या घरी जाऊन माझे उत्तर मागे घेतले. त्यांनी त्याची शिक्षाही सुनावली: एक रात्र इमामसाहेबांनीही सपत्नीक यायचे. तरुण मंडळी तर प्रवास म्हणून नमाज कसर करण्याच्या बेतात होती. आपण कोकणातले शाफिई. सुमारे 80 किलोमीटरच्या आत सफर होत नाही, हे त्यांना सांगावे लागले.

खोटे कशाला बोलू? जागा सुंदर होती. पुळणीवर उतरणारी सुरूची रांग, स्वच्छ चादरी, खिडकीतून येणारी गाज. न्हाणीघरात छतातून पाऊस पडावा असा शॉवर होता. मी त्याखाली बराच वेळ उभा राहिलो. अल्हम्दुलिल्लाह म्हणत बाहेर आलो आणि मग हिशेब आठवला. प्रेषित (सल्ल.) एका मुद्दमध्ये वुजू आणि एका साअमध्ये गुस्ल करीत, असे बुखारी आणि मुस्लिममध्ये नोंदले आहे. मुद्द म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ. अशा चार ओंजळींचा एक साअ, साधारण तीन लिटरच्या आतबाहेर. कधी ते पाच मुद्द पाणी वापरीत. मी दहा मिनिटांत शंभराहून अधिक लिटर पाणी गटारात सोडले होते. हा हिशेब मी मदरशात विद्यार्थ्यांना तोंडपाठ करायला लावतो!

संध्याकाळी माझ्या पत्नीने खोली साफ करणाऱ्या ताईंशी गप्पा मारल्या. त्या मागच्याच वाडीतल्या. होळीनंतर वाडीच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, आता तिसऱ्या दिवशी टँकर येतो, पहाटे चारला हंडे रांगेत लावूनच त्या कामावर येतात. रिसॉर्टच्या मागच्या दाराशी मात्र टँकर रोज येत होता. समुद्रापासून पन्नास पावलांवर गोड्या पाण्याचा निळा तलाव काठोकाठ भरलेला होता.

कोकणात पाऊस उदंड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण जांभ्यातून आणि उतारावरून तो वाहून जातो, आणि मे महिन्यात बायका घागर घेऊन फिरतात. किनाऱ्यावर तर आणखी एक नाजूक गोष्ट आहे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्रातील ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकते. एकाने पंप लावून उपसले की शेजाऱ्याची विहीर खारट होऊ शकते, आणि एकदा खारट झालेली विहीर लवकर गोडी होत नाही. म्हणूनच 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेत भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई होती, आणि त्यापुढे 500 मीटरपर्यंत केवळ साध्या विहिरीतून हाताने, तेही पिण्यासाठी व शेती-बागायत-मासेमारीसाठी मुभा होती. त्या टँकरचे पाणी कोठून येत होते, हे मी व्यवस्थापकांना विचारले. त्यांनी हसून चहा मागविला.

समुद्रावर फिरणाऱ्या एका माणसाने प्रेषितांना (सल्ल.) विचारले होते की, आमच्यासोबत गोडे पाणी थोडेच असते, त्याने वुजू केला तर तहानेले राहू, मग समुद्राच्या पाण्याने वुजू चालेल काय? समुद्राचे पाणी पाक असल्याचे उत्तर त्याला मिळाले. ही हदीस आपण पाकीच्या प्रकरणात शिकतो. परंतु विचारणाऱ्याच्या मनात काय होते, हे मला त्या रात्री प्रथमच जाणवले. गोड्या पाण्याचा प्रत्येक घोट कोणाच्या तरी तहानेतून काढून घेतलेला असतो, हे त्या खलाशाला ठाऊक होते.

सूरह अत-तकासुरच्या शेवटी कयामतच्या दिवशी सुखांविषयी विचारणा होईल, असे बजावले आहे. कोणती सुखे? भुकेने घराबाहेर पडलेले प्रेषित (सल्ल.), हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले, तेव्हा यजमान घरी नव्हते. ते गोडे पाणी आणायला गेले होते. परतल्यावर त्यांनी खजूर, गोश्त आणि ते पाणी पुढे ठेवले. पोट भरल्यावर प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की, या सुखाबद्दलही विचारले जाईल. ते सुख हलाल होते, प्रेमाने दिलेले होते आणि खऱ्या भुकेवर मिळाले होते. तरीही त्याचा हिशेब आहे. यावरून मला वाटते की हा सवाल केवळ हलाल-हरामचा नाही. हे तुझ्यापर्यंत कसे पोचले, वाटेत कोणाचा हंडा रिकामा राहिला, हेही त्यात येते. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांची भागीदारी आहे, असे हदीस सांगते. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ती याच समजुतीने.

वाचकहो, हॉटेलात गोश्त हलाल आहे का, हे विचारायला आपण लाजत नाही. मग खोली ठरविताना पाणी कोठून आणता, हे विचारायला जीभ का अडखळावी? अशा ठिकाणी जाऊ नका, असे मी आता म्हणणार नाही. गेल्याने त्या ताईंच्या घरी पगार जातो, हेही खरे आहे. पण तिथला नळ सोडताना वाडीतला हंडा डोळ्यांपुढून हटत नसेल, तर त्या अस्वस्थतेला वसवसा समजून झटकू नका.

फज्रला मी चाचांच्या खोलीपाशी गेलो, तेव्हा ते सज्जात उकिडवे बसले होते. रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी एसीची निचऱ्याची नळी ओढून एका बादलीत सोडली होती. किनाऱ्याच्या दमट हवेत बादली जवळजवळ भरली होती.

"28 वर्षं हे पाणी नालीत सोडलं," ते म्हणाले. "इमामसाहेब, यानं वुजू होतो का?"

मी म्हटले, "होतो. हवेतलेच पाणी आहे, पाक आहे."

त्यांनी तांब्या भरून माझ्यापुढे सरकविला.